बारावा महिना

तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं
तर तळहात आधी कोरडे हवेत.
हे मी कन्नमवार नगरात शिकले, पहिल्या खोलीत,
जिथे ओट्याखाली तीन डबे मावायचे
आणि चौथा दाराआड,
म्हणून ते दार पूर्ण उघडलेलं
मी कधी पाहिलंच नाही.

गव्हात कडुलिंब, पण सावलीत सुकवलेला.
तिखटात हिंगाचे खडे, तळाला एक, मध्ये एक, वर एक.
चिंचेचे गोळे मीठ लावून, बरणीत दाबून.
आणि सोडे:
दुहेरी पिशवी, त्यावर पत्र्याचा डबा, डब्यावर चादरी,
कारण मालकांना सांगितलं होतं
आमच्यात मासळी चालत नाही.

"वर्षाचं भरलं का?"
मे महिन्यात जिन्यावर भेटेल ती हेच विचारते.
वर्षाचं. पुढे शब्द लागत नाही.
मी म्हणते, हो, भरलं.

करार मात्र अकरा महिन्यांचा.
हडकर एजंट यंत्र घेऊन येतो, अंगठा मागतो.
माझा अंगठा हळदीने, तिखटाने, राखेने
गुळगुळीत झालेला. यंत्राला पटत नाही.
"पुसा वहिनी. परत. अजून एकदा."
चौथ्या खेपेला मी मीच ठरते.
"अकराच का हो?"
"पद्धत आहे."

म्हणजे बारावा महिना
दर वर्षी दुसऱ्याच पत्त्यावर.
कन्नमवारचे गहू नाहूरला संपले.
नाहूरची डाळ चुनाभट्टीत शिजली,
तिथल्या पाण्यात दोन शिट्ट्या जास्त घेऊन.
टेम्पोवाला रमझान डबा उचलूनच ओळखतो:
"या वेळी लवकर निघालात, भाभी. जड आहे."
लवकरच. मालकांचा मुलगा परत आला होता,
चौथ्याच महिन्यात.
अडतीस किलो तांदूळ
तीन मजले खाली, पाच मजले वर.
हे काही बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं होतं.

त्या वर्षी मी भरलं नाही.
ऋजुता म्हणाली, दहा मिनिटांत येतं आई, दारात.
येतंही. पाव किलो, अर्धा किलो,
चकचकीत पिशवी, मागे तारीख छापलेली.
ओटा मोकळा. दार पूर्ण उघडायचं.
फक्त दुपारी
हात कोपरापर्यंत घालायला काही नसायचं.
भर उन्हाळ्यातही गव्हाच्या पोटात
गार असतं, माहीत आहे?
किडा बघायच्या नावाखाली
मी तिथेच बसून राहायचे.

आता टागोर नगर.
पहिल्या रात्री माळा पुसताना
मागच्या कोपऱ्यात बरणी लागली हाताला.
मिठातली लिंबं. शाईसारखी काळी, मऊ.
दादरा पिवळा पडलेला,
गाठ सुटता सुटेना.
हडकरला फोन केला.
"माझ्या माहितीत तीन भाडेकरू झाले तिथे.
कुणाची काय माहीत. टाकून द्या."

म्हणजे तिघींनी पाहिली असणार.
तिघींनी गाठ सोडली असणार, वास घेतला,
आणि परत बांधली.

आमचे डबे अजून दोरीत होते.
हाताला लागली तेवढी मुगाची खिचडी टाकली,
प्रत्येकी एक फोड.
ऋजुताने बोट चाटलं, बोलली काही नाही,
ताट पुढे केलं.

सकाळी नाक्यावरून सहा लिंबं आणली,
जाडं मीठ. उभ्या चिरा दिल्या.
बरणीवर कुणाचं नाव नव्हतं.
मीही लिहिलं नाही.
दादरा धुतला मात्र.